एका हेलकाव्याचा हिशेब : इयत्ता सातवीच्या प्रकल्प नोंदी

इयत्ता सातवीच्या वर्गाचे विज्ञान आणि गणित हे दोन्ही विषय माझ्याकडे असल्यामुळे, दोन्हींचे तास जोडून एक आठवडाभराचा प्रकल्प घ्यायचा असे मी सत्राच्या सुरुवातीलाच ठरवले होते. विषय निवडला तो लंबकाचा. दोरा, वजन आणि घड्याळ एवढ्यावर तो भागतो, आणि उत्तर पुस्तकात न शोधता मोजून काढता येते. वर्गात ३६ मुले आहेत. त्यांचे सहा-सहा जणांचे सहा गट केले. प्रश्न एकच ठेवला : लंबकाला एकदा जाऊन परत यायला जो वेळ लागतो, म्हणजे त्याचा दोलनकाल, तो कशावर अवलंबून असतो? वजनावर, दोऱ्याच्या लांबीवर, की लंबक किती दूर खेचून सोडला त्यावर? प्रत्येक गटाची वही वेगळी, नोंद पेनानेच करायची आणि चुकलेला आकडा गिरगटून न टाकता त्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी नवा लिहायचा, हे नियम फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहून ठेवले. पुढील नोंदी मी त्या त्या दिवशी शाळा सुटल्यावर लिहिल्या आहेत.

सोमवार, ८ सप्टेंबर

मोजणीला हात घालण्यापूर्वी प्रत्येकाकडून अंदाज लिहून घेतला. ३६ पैकी २७ जणांनी जड लंबक भरभर हलेल असे लिहिले, पाच जणांनी तो सावकाश हलेल असे लिहिले, आणि उरलेल्या चौघांच्या मते वजनाचा काही संबंध नसावा. या चौघांपैकी एकीला कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, "बाई, झोपाळ्यावर मी एकटी बसले काय किंवा मैत्रिणीला घेऊन बसले काय, झोक्याला तेवढाच वेळ लागतो." मी तिला हो किंवा नाही यातले काहीच सांगितले नाही. वर्गाला मात्र तिचे म्हणणे पटलेले दिसले नाही, आणि एकाने तर झोपाळा आणि लंबक यांचा काय संबंध, असे तोंडावर विचारले.

मांडणीत अपेक्षेपेक्षा जास्त वेळ गेला. एक मीटर लांबीचा लंबक बाकाला टांगता येत नाही, कारण तो जमिनीला टेकतो. म्हणून चार गटांनी खिडक्यांच्या वरच्या आडव्या गजांना आणि दोन गटांनी दाराच्या चौकटीला दोरे बांधले. स्टॉपवॉच सहा होती, त्यांपैकी दोन बॅटरी संपल्यामुळे बंद निघाली. ती मी शुक्रवारीच तपासून ठेवायला हवी होती. त्या दोन गटांनी मुलांच्या मनगटी डिजिटल घड्याळांवर काम भागवले.

एकच दोलन न मोजता दहा दोलने मोजून दहाने का भागायचे, हे मुलांनी बोलता बोलता स्वतःच काढले. डोळ्याने पाहून अंगठ्याने बटण दाबेपर्यंत साधारण एक पंचमांश सेकंद निघून जातो. ही चूक एका दोलनावर पडली तर फार मोठी ठरते, पण दहांवर वाटली गेली तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ०.०२ सेकंद येते. एका मुलाने मग शंभर दोलने का मोजू नयेत असे विचारले. पंचविसाव्या दोलनानंतर गटातल्या दोघांचे आकडे जुळेनासे झाले, तेव्हा त्याचा तोच दहावर परत आला.

दोऱ्याची लांबी १०० सेंटिमीटर, टोकाला एक वॉशर, दहा हेलकावे. सहा गटांची उत्तरे सेकंदांत अनुक्रमे अशी आली : २०.१, १९.९, १८.१, २०.२, १०.१ आणि २०.०. पाचव्या गटाचा आकडा वाचल्याबरोबर वर्गात हशा पिकला. त्या गटातल्या एका मुलीने हाताने करून दाखवले की लंबक तिकडे गेला की एक आणि इकडे आला की दोन, असे ते मोजत होते. त्यांचे चुकले असे म्हणता येणार नव्हते, कारण हेलकावा म्हणजे काय हे मी सांगितलेच नव्हते. बरीच घासाघीस होऊन वर्गाने व्याख्या ठरवली : लंबक जिथून सोडला तिथेच परत आला, म्हणजे एक दोलन. त्याप्रमाणे पाचव्या गटाने पुन्हा मोजले आणि उत्तर २०.१ आले.

तिसऱ्या गटाचे १८.१ मात्र व्याख्येने सुटेना. त्यांचा दोरा आखूड असावा असे समजून मी त्यांना लांबी पुन्हा मोजायला सांगितली. त्यांनी ती तीनदा मोजली आणि तिन्ही वेळा १०० सेंटिमीटरच भरली. "बाई, पट्टी घ्या आणि तुम्हीच मोजा," असे गटातली एक मुलगी जराशा रागाने म्हणाली. तास संपत आला होता. घाईत बटण दाबले गेले असेल, असे म्हणून मी तो विषय तिथेच सोडला.

मंगळवार, ९ सप्टेंबर

आज वजनाची पाळी होती. लांबी ५० सेंटिमीटर ठेवून आधी एक वॉशर आणि मग चार वॉशर लावून प्रत्येकी दहा दोलने मोजायची, बाकी काहीही बदलायचे नाही, असे ठरले. बहुतेक गटांना दोन्ही वेळा जवळपास सारखाच वेळ मिळाला आणि २७ जणांचे चेहरे उतरले. दुसऱ्या गटाला मात्र एका वॉशरला १४.२ आणि चार वॉशरना १४.६ सेकंद मिळाले. पुन्हा मोजले, तरी तेच. जड लंबक सावकाश हलेल असे लिहिणाऱ्या पाचांपैकी तिघे याच गटात असल्यामुळे तिथे अर्थातच आनंदीआनंद होता.

फरक ०.४ सेकंदांचा होता आणि दोन्ही वेळा तेवढाच आला होता, त्यामुळे अंगठ्याच्या उशिरावर तो ढकलता येत नव्हता. मी सगळ्यांना दुसऱ्या गटाच्या खिडकीपाशी बोलावले आणि काहीही न बोलता नुसते पाहायला सांगितले. इतर गटांनी चारही वॉशर एकाच फासात अडकवून त्यांचा गठ्ठा केला होता. या गटाने ते एकाखाली एक असे माळेसारखे बांधले होते. उकिडवा बसून पट्टी धरलेल्या एका मुलाने मोठ्याने वाचले, "पहिला ५० वर, दुसरा ५२ वर, मग ५४, आणि सगळ्यात खालचा ५६ वर आहे." सगळे वजन मिळून साधारण ५३ वर टांगल्यासारखे होते, हे दोघी-तिघींच्या एकदमच लक्षात आले. वजन बदलताना लांबीही नकळत बदलली होती. त्यांनी माळ सोडून गठ्ठा बांधला, त्याचा मध्य ५० वर आणला, आणि वेळ परत १४.२ वर आली.

या अर्ध्या तासातून दोन गोष्टी वहीत गेल्या. लंबकाची लांबी म्हणजे दोऱ्याची लांबी नसून टांगलेल्या जागेपासून वजनाच्या मध्यापर्यंतचे अंतर होय, ही पहिली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची म्हटले तरी दुसरी आपोआप बदलत नाही ना, याकडे लक्ष ठेवावे लागते, ही दुसरी. दुसऱ्या गटाने माळ बांधली नसती तर यातली दुसरी गोष्ट मी भाषणात सांगितली असती आणि कोणाच्याही लक्षात राहिली नसती.

जड वस्तूला पृथ्वी जास्त जोराने ओढते, मग ती लवकर का येत नाही, हा प्रश्न अपेक्षेप्रमाणे आलाच. ओढ चौपट असली तरी हलवायची वस्तूही चौपट जड असते, त्यामुळे दोन्हींची फिटंफाट होते, एवढेच उत्तर दिले. सातवीला ते पुरते. त्या निमित्ताने गॅलिलिओची गोष्टही निघाली. प्रार्थनामंदिरात हलणारा दिवा पाहून त्याने आपल्या नाडीच्या ठोक्यांवर त्याची दोलने मोजली ही कथा त्याचा शिष्य विव्हियानी याने गॅलिलिओच्या मृत्यूनंतर लिहून ठेवली आहे, म्हणून ती मी कथा म्हणूनच सांगितली. लंबकाविषयीचे आपले निरीक्षण गॅलिलिओने १६०२ सालच्या एका पत्रात मांडले होते, हे मात्र इतिहास म्हणून सांगितले. तासाची पुढली पाच मिनिटे सगळा वर्ग मनगटावर बोटे ठेवून बसला होता. दोघांना नाडी सापडलीच नाही.

गोष्टीच्या भरात मी एक विधान जरा ठासून केले : लंबक जवळून सोडा की लांबून, वेळ सारखाच लागतो. सहाव्या गटाने कोनमापक लावून एक मीटरचा लंबक ४५ अंशांवरून सोडला. त्यांना २०.७ सेकंद मिळाले. लहान कोनातून सोडल्यावर २०.० मिळाले होते. त्यांनी तीनदा करून पाहिले आणि मग सगळ्यांसमोर मला बोलावले. त्यांचे बरोबर होते. कोन लहान असेल तरच वेळ जवळजवळ सारखा राहतो, आणि कोन वाढत गेला की दोलनकालही थोडा वाढतो. हे ख्रिस्तियान हॉयगेन्सने सतराव्या शतकातच दाखवून दिले होते आणि मलाही ठाऊक होते, तरी सोपे करून सांगण्याच्या नादात "कोन लहान असेल तर" हे शब्द माझ्याकडून गळाले. मी माझे विधान फळ्यावर लिहून त्यावर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी दुरुस्त विधान लिहिले. नियम सगळ्यांना सारखाच.

बुधवार, १० सप्टेंबर

आज भाषेची घटक चाचणी असल्यामुळे जोडतास मिळाला नाही. बॅटऱ्या बदलून घेतल्या. पहिल्या गटातील दोघे जण तापामुळे गैरहजर होते.

मधल्या सुट्टीत तिसऱ्या गटातील दोन मुले गट बदलून मागायला आली. त्यांच्या गटाची उत्तरे नेहमी चुकतात असे बाकीचे चिडवतात, ही त्यांची तक्रार होती. गट बदलला नाही, पण त्यांची वही मी घरी आणली आणि आत्ता ती समोर उघडी आहे. सोमवारी इतरांना २०.१ च्या आसपास मिळाले, त्यांना १८.१. काल ५० सेंटिमीटरला इतरांना १४.२ मिळाले, त्यांना १२.८. भागाकार करून पाहिले तर दोन्ही वेळा ०.९० येते. दोन वेगवेगळ्या दिवशी, दोन वेगवेगळ्या लांबींना, नेमका दहावा हिस्साच कमी. घाईगर्दीची चूक इतकी शिस्तीची नसते. उद्या दुसरे काही करण्याआधी त्यांच्या शेजारी बसून पाहायचे आहे.

गुरुवार, ११ सप्टेंबर

तिसऱ्या गटाच्या खिडकीपाशी स्टूल घेऊन बसले. बुटकासा एक मुलगा वॉशर धरून उभा होता आणि सोमवारी माझ्यावर चिडलेली मुलगी स्टॉपवॉच घेऊन त्याच्याकडे टक लावून पाहत होती. दोऱ्याची लांबी मी स्वतः मोजली, ती बरोबर होती. त्याने वॉशर सोडला, सोडताक्षणी "एक!" म्हणाला, आणि त्याच क्षणी तिने बटण दाबले. लंबक जाऊन परत आला तेव्हा तो "दोन" म्हणाला. पुढचे सगळे मला तिथेच कळले, पण मी तोंड उघडले नाही. दहा पूर्ण झाल्यावर घड्याळ १८.१ दाखवत होते.

मी म्हटले, "छान मोजलेत. आता मला फक्त एकच हेलकावा मोजून दाखवा."

मुलाने वॉशर सोडला आणि "एक!" म्हणाला. मुलीने बटण दाबले, आणि तिचा अंगठा बटणावर तसाच राहिला. लंबक परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. ती आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहू लागली. "बाई, सुरू पण 'एक'लाच करायचे आणि थांबवायचे पण 'एक'लाच. मग थांबवू कधी?"

कोणी काही बोलले नाही. मग तिनेच बोटांवर सावकाश मोजायला सुरुवात केली, आणि चौथ्या की पाचव्या बोटावर थांबून म्हणाली, "म्हणजे दहा म्हणेपर्यंत आमचे नऊच होतात." १८.१ ला ९ ने भागल्यावर २.०११ आले. बाकीच्या पाच गटांची सरासरी दोन सेकंदांच्या किंचित वर होती, तेवढेच. १२.८ भागिले ९ म्हणजे १.४२, तेही जुळले. तीन दिवस चिडवून घेतलेला गट सरळ उड्या मारू लागला, आणि मी त्यांना थांबवले नाही.

यानंतर मी ठरवलेले तासाचे नियोजन बाजूला ठेवले, कारण वर्ग स्वतःहून कामाला लागला होता. मोजणीच्या वस्तू आणि त्यांच्यामधल्या फटी यांची संख्या एकाने वेगळी असते, याची उदाहरणे एकापाठोपाठ एक येऊ लागली. पाच बोटांमध्ये चारच बेचके असतात. शाळेच्या कुंपणाला अकरा खांब असतील तर जाळीचे भाग दहा होतात. टोक तुटलेल्या पट्टीने मोजताना १ पासून सुरुवात करून ७ वाचले तर वस्तू ६ सेंटिमीटरचीच असते. आठ तारखेपासून तेरा तारखेपर्यंत दिवस किती, यावर तर दोन बाकांमध्ये कडाक्याचे भांडण झाले. एक बाजू सहा म्हणत होती, दुसरी पाच. पहिली बाजू दिवस मोजत होती आणि दुसरी मधल्या रात्री, हे कळेपर्यंत दोघांचेही आवाज चढले होते. मी भर घातली ती इसवी सनाची : या कालगणनेत शून्य वर्ष नाही, पहिल्या वर्षापासूनच सुरुवात होते, म्हणून विसावे शतक २००० साल संपल्यावर पुरे झाले आणि एकविसावे १ जानेवारी २००१ रोजी सुरू झाले. यावर वर्गाचा लगेच विश्वास बसला नाही, आणि तो बसला नाही याचे मला बरेच वाटले.

खरा वाद पुढे झाला. तिसऱ्या गटाच्या जुन्या नोंदींचे काय करायचे? पहिल्या गटाचे म्हणणे होते की त्या रद्द करून सगळे पुन्हा मोजावे, कारण नंतर आकडे बदलणे ही फसवणूक आहे. तिसरा गट म्हणाला की त्यांना आकडा बदलायचाच नाही. घड्याळाने १८.१ दाखवले होते आणि ते खरेच होते. चूक होती ती शेजारी लिहिलेल्या "१० दोलने" या शब्दांत. हा भेद बारा वर्षांच्या मुलांनी माझ्या मदतीशिवाय केला. शेवटी दोन्ही झाले. जुन्या नोंदीत १८.१ तसेच ठेवून "१० दोलने" यावर रेघ मारली व "९ दोलने" असे लिहिले, आणि त्याखाली नव्याने मोजून २०.१ ची नोंद केली. यापुढे वॉशर सोडताना सगळ्या गटांनी "शून्य" म्हणायचे, असा ठराव झाला.

मी तिसऱ्या गटाची सगळ्या वर्गासमोर माफी मागितली. एक मीटरच्या लंबकाला १८.१ सेकंद मिळायचे तर दोरा सुमारे १९ सेंटिमीटर आखूड असावा लागतो. एवढा आखूड दोरा मीटरपट्टीशेजारी धरून कोणालाही दिसला असता, आणि त्यांनी तर तो तीनदा मोजला होता. सोमवारी मी त्यांच्या मोजण्यावर शंका घेतली, त्यांच्या मोजायच्या रीतीकडे पाहिलेच नाही.

शेवटच्या वीस मिनिटांत २५, ५०, ७५ आणि १०० सेंटिमीटरच्या मोजण्या घाईघाईने उरकल्या. वर्गातून सहा वेळा एकदम "शून्य!" ऐकू आल्यामुळे शेजारच्या वर्गातून चौकशीसाठी एक विद्यार्थी येऊन गेला.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

सहा गटांच्या उत्तरांची सरासरी काढून फळ्यावर मांडली. दहा दोलनांना २५ सेंटिमीटर लांबीवर १०.० सेकंद, ५० वर १४.२, ७५ वर १७.४ आणि १०० वर २०.०७ लागले होते. लांबी दुप्पट केली तर वेळही दुप्पट होईल, असा जवळजवळ सगळ्यांचा समज होता. तो पहिल्या दोन आकड्यांतच मोडला. "चौपट केल्यावर दुप्पट होते," असे सहाव्या गटातील एक मुलगा जागेवरूनच म्हणाला, पण पुढे काय करायचे ते त्याला सुचेना.

आलेख कागदावर बिंदू मांडले. सरळ रेषा येणार या खात्रीने काहींनी आधीच पट्टी ठेवली होती, आणि एकाने तर तिसरा बिंदू रेषेवर यावा म्हणून तो हळूच वर सरकवला. त्याला रागावले नाही. बिंदू जिथे होता तिथे परत न्यायला लावले. रेषा वाकते आहे हे सगळ्यांनी पाहिल्यावर मी एका दोलनाच्या वेळेचा वर्ग करायला सांगितले. उत्तरे आली : १.०, २.०, ३.०, आणि शेवटचे चाराच्या किंचित वर. फळ्यावर हे आकडे एकाखाली एक येत गेले तसा वर्ग शांत होत गेला. लांबीशी समप्रमाणात वेळ वाढत नाही, वेळेचा वर्ग वाढतो. लांबी मीटरमध्ये घेतली तर वेळेचा वर्ग तिच्या जवळजवळ चौपट येतो.

हे सूत्र खरे आहे की चार आकड्यांपुरते जुळले आहे, हे तपासण्यासाठी आधी न मोजलेली लांबी घेतली. मी मुद्दाम ६४ सेंटिमीटर दिली. ०.६४ गुणिले ४ म्हणजे २.५६, आणि सोळाचा पाढा येणाऱ्याला याचे वर्गमूळ १.६ आहे हे कागदाशिवाय सांगता येते. म्हणजे दहा दोलनांना १६ सेकंद लागायला हवेत. प्रत्येक गटाने आपले भाकीत कागदावर लिहून घडी घालून माझ्या टेबलावर ठेवले आणि मगच मोजले. पाच गटांना १६.० ते १६.२ मिळाले. चौथ्या गटाला १५.४ मिळाले.

सोमवारची चूक पुन्हा करायची नव्हती, म्हणून त्यांना काहीही न सांगता कसे मोजले ते दाखवायला सांगितले. "शून्य" व्यवस्थित म्हटले होते. एकीने उलटा हिशेब केला : १.५४ चा वर्ग २.३७, भागिले चार, म्हणजे सुमारे ५९ सेंटिमीटर. पट्टी लावली तर लांबी खरोखरच ५९ भरली. गजाला मारलेली गाठ सैल करून पुन्हा आवळताना दोरा वर ओढला गेला होता. लंबकाने दोऱ्याची चहाडी केली, असे कोणीतरी म्हणाले, आणि उद्याच्या उद्योगाचे बीज तिथेच पडले.

हॉयगेन्सने १६५६ साली लंबकाचे घड्याळ तयार केले आणि त्यामुळे घड्याळांची अचूकता एकदम वाढली, हे आज सांगण्यात अर्थ होता, कारण लंबकावर घड्याळ का चालू शकते ते मुलांना आता सांगावे लागत नव्हते. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला बरोबर एक सेकंद घेणारा लंबक सुमारे ९९.४ सेंटिमीटर लांबीचा असतो. आपला एक मीटरचा लंबक त्याच्या किती जवळचा आहे, हे पाहून अनेकांना मीटर हे माप लंबकावरूनच आले असे वाटले. तसा विचार खरोखर झाला होता. पण लंबक पृथ्वीवर सगळीकडे सारखा चालत नाही. झां रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ १६७२ साली पॅरिसहून विषुववृत्ताजवळच्या केयेन येथे गेला, तेव्हा त्याचे लंबकाचे घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले आणि त्याला लंबक थोडा आखूड करावा लागला. पुढे १७९१ साली फ्रेंच अकादमीने मीटरची व्याख्या लंबकाऐवजी पृथ्वीच्या मापावरून करण्याचा निर्णय घेतला. रिशेचे घड्याळ मागे का पडले असेल, हा प्रश्न उत्तर न देता वर्गात सोडून दिला आहे.

शनिवार, १३ सप्टेंबर

चहाडीची कल्पना पुढे नेऊन मुलांनी जिन्याच्या मधल्या पोकळीत लंबक सोडायचे ठरवले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या कठड्यापासून तळमजल्यापर्यंत दोरा सोडायचा, दोलनकाल मोजायचा, आणि पट्टी न लावता दोऱ्याची लांबी सांगायची. मुख्याध्यापिकांनी दोन अटींवर परवानगी दिली : वर मी स्वतः उभी राहावे, आणि पोकळीखाली कोणीही जाऊ नये. खालच्या जागेभोवती खडूने वर्तुळ आखले आणि दोन मुलांना पहाऱ्यावर ठेवले. वॉशर इतक्या लांबीला फारच हलके वाटल्यामुळे अर्धी भरून झाकण घट्ट लावलेली पाण्याची बाटली टांगली.

पहिल्या प्रयत्नात बाटली गोल गोल फिरू लागली आणि दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर जाऊन आपटली. दुसऱ्यांदा खालच्या मुलाने ती हातभरच बाजूला नेली आणि न ढकलता सोडून दिली. मोजण्याचे काम एकमताने तिसऱ्या गटाकडे गेले होते. बुटका मुलगा बाटली सोडताना "शून्य" असा ओरडला की तिन्ही मजल्यांवरच्या वर्गांतून माना बाहेर आल्या. लंबक फार सावकाश हलत होता. एका मुलीने तर तो थांबला काय, असे वरून विचारले.

दहा दोलनांना ६३.३ सेकंद लागले. ६.३३ चा वर्ग ४०.०७, भागिले चार, म्हणजे लांबी १०.०२ मीटर, असे उत्तर जिन्याच्या पायऱ्यांवर बसूनच निघाले. शाळेच्या दुरुस्तीची कामे करणाऱ्या काकांकडून लांब टेप मागून आणला आणि कठड्यावरील गाठीपासून बाटलीतल्या पाण्याच्या मध्यापर्यंत अंतर मोजले. ते ९ मीटर ९४ सेंटिमीटर भरले. दहा मीटरमध्ये फक्त आठ सेंटिमीटरचा फरक पडल्याबद्दल वर्गाने टाळ्या वाजवल्या. पॅरिसमध्ये फुकोने १८५१ साली ६७ मीटर लांबीच्या तारेला २८ किलोचा गोळा टांगला होता, असे मी सांगितल्यावर त्याच्या एका दोलनाला सुमारे १६.४ सेकंद लागत असणार, हे दोघांनी पायरीवरच करून दाखवले.

तिसरा गट मात्र टाळ्यांत सामील झाला नाही. आठ सेंटिमीटर गेले कुठे, हे त्यांना हवे होते. टेप मध्ये झोळला असेल, असे एकाने सुचवले. पण टेप झोळला तर माप जास्त येते, कमी नाही, असे दुसऱ्याने त्याला गप्प केले. पाण्याचा मध्य चुकीचा धरला असेल, तर चूक दोन-चार सेंटिमीटरचीच होईल. स्टॉपवॉचवाली मुलगी वहीची मागची पाने उलटत होती. शुक्रवारच्या पानावर तिचे बोट थांबले, तिथे एक मीटरची सरासरी २०.०७ अशी लिहिली होती. ती पुटपुटली, "दोन पूर्णांक शून्य शून्य सात... याचा वर्ग चार नाही येत. आपण चारानेच का भागले?" तेवढ्यात घंटा झाली.

दोरा गुंडाळून कपाटात ठेवला, टेप परत केला. चार वॉशर हरवले आहेत. १०.०२ आणि ९.९४ हे दोन आकडे तिने वर्गाच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहेत, आणि त्यांच्याभोवती चौकट आखून खाली सोमवारपर्यंत पुसू नये असे बजावले आहे.